एका अंगाने झिजलेली शिवराई

हिंदुराव शेलारांनी लाखेने बंद केलेलं पाकीट माझ्यादेखत फोडलं आणि आतलं तांब्याचं नाणं टेबलावर ठेवलं.

"बघा आणि सांगा, बाई. हंड्यातलंच आहे ना?"

मला कोणी 'आहे ना' म्हणून विचारलं की माझं डोकं फिरतं. उत्तर आधीच ठाऊक असेल तर दुसऱ्या माणसाला तीन एसट्या बदलायला लावू नयेत, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मी म्हटलं, आधी चहा घेईन, मग हात धुईन आणि मग नाणं बघेन. त्यांना ते आवडलं नाही, पण चहा आला.

हिंदुरावांना उंबरखोऱ्यात सगळे सुभेदार म्हणत. लष्करातली नोकरी संपवून ते गावी आले होते आणि उंबरजाईच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष झाले होते. देवळाची ओवरी नव्याने बांधायला घेतली, तेव्हा पाया खणताना कुदळ एका मातीच्या हंड्यावर बसली. हंडा फुटला आणि आतून शिवराई पैशांचा हिरवागार गठ्ठा बाहेर आला. शिवराई म्हणजे मराठी राज्यातला तांब्याचा पैसा, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. दुसऱ्या गावात असं काही निघालं असतं तर अंधार पडायच्या आत ते घरोघरी पोचलं असतं. सुभेदार मात्र खड्ड्याच्या काठावर उभे राहिले, हाताला लागलं तेवढं पोत्यात भरलं आणि तहसीलदारांना कळवलं. यादी करून प्रत्येक नाण्याची अवस्था लिहायला मला पाठवण्यात आलं.

जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन माझ्याकडे होतं. माझं शिक्षण दोन ठिकाणी झालं. विद्यापीठात इतिहास कळला आणि वडिलांच्या दुकानात तांबं कळलं. आम्ही तांबट. जुने पैसे मोडीत वजनावर यायचे, आणि भट्टीत टाकण्याआधी वडील ते निवडायचे. त्यांच्याकडे चारच शब्द होते. अक्षराची धार शाबूत असेल तर लख्ख. धार गेली, पण अक्षर अंगठ्याला लागतं, ते ठळक. डोळ्याला दिसतं पण अंगठ्याला लागत नाही, ते दमलेलं. आणि दोघांनाही सापडत नाही, ते गेलेलं. कागदावर मी 'फाईन', 'व्हेरी फाईन' असं रीतसर लिहायचे, पण मनात आधी वडिलांचाच शब्द यायचा.

तर ते पाकिटातलं नाणं. हंडा निघाल्यावर दोन दिवसांनी देवीची गुरवीण अनसाबाई चावडीवरून चालली होती. तिच्या कमरेची गाठ सुटली, कापडात बांधलेला पैसा निसटला आणि घरंगळत नेमका सुभेदारांच्या पायाशी आला. सुभेदारांनी विचारलं, हे कुठलं? ती म्हणाली, आमचंच हाय. कुठे नेतेस, असं विचारल्यावर मात्र तिने तोंड मिटलं ते मिटलंच. हंडा फुटला त्या गर्दीत तीही होती. मग गावात बोलायला काय कमी?

"घटस्थापना आठवड्यावर आली आहे," सुभेदार म्हणाले. "तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा आहे. विधवा बाई आहे, मला आनंद वाटत नाही. पण हंड्यातलं नाणं निघालं, तर पूजा काढून घ्यायची आणि पोलिसांना कळवायचं, असं समितीचं ठरलंय. चोराच्या हातून मी देवीला पाणी घालू देणार नाही."

मी हात पुसले, नाणं उचललं आणि डोळे मिटले. आधी अंगठा, मग भिंग, ही घरची शिस्त.

वरच्या अंगाला 'श्री राजा शिव' ठळक होतं, 'श्री' तर जवळजवळ लख्खच. कडेची टिंबंसुद्धा बोटाला लागत होती. नाणं उलटं केलं आणि अंगठा नुसताच घसरला. मी डोळे उघडले. तांबं चिंचेने घासून लाल केलेलं होतं, आणि त्या अंगावर काहीही नव्हतं, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. खिडकीशी तिरप्या उजेडात धरल्यावर 'छ'ची सावली तेवढी दिसली. एका अंगाने ठळक आणि दुसऱ्या अंगाने गेलेलं, असं नाणं तोवर हजारो शिवराई हाताळूनही माझ्याकडे कधी आलं नव्हतं.

"हे हंड्यातलं नाही," मी म्हटलं.

सुभेदार हसले. "तिने घासलंय ते. हिरवेपणा काढून टाकलाय."

मी त्यांना पोत्यातली नाणी दाखवली. चिंचेने हिरवेपणा जातो, पण त्याच्याखाली तांब्याला पडलेले खड्डे जात नाहीत, देवीच्या रोगाच्या व्रणांसारखे ते राहतात. हातातल्या नाण्यावर एकही खड्डा नव्हता. सुभेदारांनी वाकून पाहिलं आणि मग पोत्यातून शोधून दोन नाणी काढली. ती गठ्ठ्याच्या मधली होती, त्यांना ओल लागलीच नव्हती, खड्डे नव्हते. मला माणूस आवडायला लागला. न बघता भांडणारे पुष्कळ असतात, बघून भांडणारे थोडे.

मग मी झिजेवर आले. बाजारात फिरलेलं नाणं दोन्ही अंगांनी झिजतं, कारण कोणीही पैसा एकाच बाजूने देत-घेत नाही. पोत्यातही दमलेली, गेलेली नाणी होती, पण ती दोन्हीकडून. हे एकाच अंगाने झिजलंय. कडही त्याच बाजूची गोल झालीय, दुसऱ्या बाजूची नाही.

"पूर्वी कोणीतरी घासलं असेल आणि मग हंड्यात टाकलं असेल," सुभेदार म्हणाले.

हेही खोटं नव्हतं. मी पर्समधून बांबूची बारीक काडी काढली आणि भिंगाखाली 'श्री'च्या वेलांटीत फिरवली. चिंच तिथपर्यंत पोचली नव्हती. काडीच्या टोकाला काळं, चिकट काहीतरी आलं. मी हुंगलं आणि काडी त्यांच्या नाकाखाली धरली.

"एरंडेल," ते म्हणाले.

"एरंडेल आणि राख. दोनशे वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याला एरंडेलाचा वास येत नाही, सुभेदार. हे नाणं कोणाच्यातरी घरात आहे आणि अजून हाताळलं जातंय."

त्यांनी काडी पुन्हा एकदा हुंगली. मग म्हणाले, तुमचं मला पटतंय, पण मी समितीला काय सांगू? गाव विचारणार, एकाच अंगाने का झिजलं? ते कशाला वापरतात, एवढं त्या बाईने सांगावं, मी तिचे पाय धरीन. आणि ती तेवढंच सांगत नाही. खरं असतं तर सांगायला काय हरकत होती?

पैसा ज्यात बांधला होता ते कापडही पाकिटात होतं. जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन मऊ झालेली लांब पट्टी. मी ती घडी करून परत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक होती. तोवर नाणं माझ्या ताब्यात राहणार होतं आणि माझा मुक्काम सुभेदारांच्याच घरी होता.

घरात सुभेदारांची आई बयाबाई आणि सून शालन. मुलगा नोकरीला परगावी होता. शालनचं बाळ तीन आठवड्यांचं होतं आणि रडत होतं. रडून थकायचं, झोपायचं आणि उठून पुन्हा रडायचं. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, असं बयाआजींनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. म्हणून ह्या खेपेला सुभेदारांनी बाळाचा सगळा कारभार लष्करी केला होता. बाहेरून येणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, पाणी उकळलेलं, भिंतीवर डॉक्टरांचं कार्ड. काजळाची तीट नाही, दोरा नाही, गंडा नाही. बाळाच्या अंगाला काहीही बांधायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता, आणि सुभेदारांच्या घरात हुकूम म्हणजे हुकूम.

जेवायला बसले तर शालन एका हाताने वाढत होती. दुसरा हात मांडीवरच्या बाळाच्या पोटावर दाबून धरलेला. मी म्हटलं, अगं, मी घेते वाढून. तर ती नुसतीच हसली आणि हात तिथेच राहिला.

सुभेदार उठून बाहेर गेल्यावर बयाआजी माझ्याजवळ सरकल्या. "बाई, त्ये नाणं आता कुठं हाय?"

"माझ्या पर्समध्ये."

"म्हंजे हितं, घरातच?"

"घरातच."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग शालनने विचारलं, "ताई, ते पाकीट सील करावंच लागतं का? म्हणजे, एखाद्या दिवसासाठी बाहेर राहिलं तर चालतं का?" मी जरा तिखटपणेच म्हटलं की सरकारी तपासातली वस्तू आहे, ती दाखवायला बाहेर काढता येत नाही. शालनने मान खाली घातली. मला वाटलं, घरात असल्या वस्तूचं कुतूहल असतंच. आपल्याला झिजलेल्या तांब्याची भाषा येते म्हणून माणसांचीही येते, असा माझा उगाच एक समज होता.

सकाळी मी अनसाबाईकडे गेले. देवळामागे दोन खोल्या, पुढे तुळस, आणि अंगणात ती देवीची तांब्याची भांडी घासत बसलेली. साठीची असेल. चिंचेचा कोळ, राख, नारळाची शेंडी. घागरीच्या गळ्यापासून बुडापर्यंत तिचे हात असे फिरत होते की वडील असते तर मला कोपराने ढोसून म्हणाले असते, बघ आणि शिक.

मी तिला सगळं उघड सांगितलं. मला ठाऊक आहे की नाणं तुझंच आहे. मी ते बैठकीत सांगणार आहे. पण ते कशाला वापरतेस हे तू सांगितलंस तर एका वाक्यात मिटेल. नाही सांगितलंस तर लोक मान हलवतील आणि पूजा दुसऱ्याला देतील.

ती घासतच राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमी आज हायसा, उद्या जाशीला. मला गावात ऱ्हायाचं हाय."

"पूजा गेल्यावर कशी राहशील?"

"पूजा ग्येली तर देवी बघून घील माझं. पन मी तोंड उघाडलं तर एकीच्या घरात आग लागंल. लेकुरवाळी पोर हाय. माझ्यापायी तिला बोल नगं."

उंबऱ्याशेजारी एक काळा दगड होता, तळहाताएवढा. वरून आरशासारखा गुळगुळीत आणि मध्ये किंचित खोलगट. बाजूला एरंडेलाची बाटली आणि चाळलेल्या राखेची वाटी. मी दगडाला हात लावला. ती खोली अगदी पैशाएवढी होती.

मी विचारलं, "ह्यावर घासतेस?"

"सासू घासायची. तिची सासू घासायची. एकच बाजू घासायची, श्रीला हात लावायचा न्हाई."

"आणि दुसरी बाजू का घासायची?"

"टोचू नये म्हनून," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

आणि मग मला माझ्याच आईची आठवण झाली. धाकटा भाऊ झाला तेव्हा आईने वडिलांकडून एक गुळगुळीत पैसा मागून घेतला होता. वडिलांनी दिलेला पैसा तिने फरशीवर आणखी घासला, गालाला लावून पाहिला, पुन्हा घासला. मऊ लुगड्याची पट्टी. शालनचा तो न हलणारा हात. तिथे अंगणात उभ्या उभ्या मला सगळं कळलं, आणि मी चाटच पडले. अनसाबाई कोणाकडे निघाली होती आणि कोणाच्या पायाशी पैसा पडला होता, हे लक्षात आल्यावर मला आधी हसू आलं आणि मग तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कळला.

पण ती गोष्ट माझी नव्हती. ती मी सांगितली असती तर गुरवीण सुटली असती आणि सून अडकली असती. मी अनसाबाईला म्हटलं, तू काही बोलू नकोस. मी फक्त नाण्याबद्दल बोलेन. येताना मी शेलारांच्या स्वयंपाकघरात डोकावले आणि बयाआजींना म्हटलं, आजी, बैठकीला या. बायकांच्या बाजूला पुढे बसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काय कळलंय ते त्यांना कळलं.

सभामंडपात एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला खांबाआड बायका. अनसाबाई गाभाऱ्याच्या पायरीशी उभी होती. तिच्या अंगावर धुवट हिरवं लुगडं होतं, पूजेला नेसायचं, आणि तेवढ्यानेच मला फार वाईट वाटलं. आपण शेवटची पूजा करून आलोय असं तिला वाटत होतं.

मी बोलायला उठले. मला सभेत बोलायची भीती कधीच वाटली नाही. तांबटाळीच्या ठोक्यांत वाढलेल्या माणसाला एकच गोष्ट अवघड जाते, हळू बोलणं. मी सुभेदारांना पुढे बोलावलं आणि म्हटलं, डोळे मिटा. ते मिटेनात. मी म्हटलं, सुभेदार, हा हुकूम आहे. मागून कोणी खुसखुसलं. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या अंगठ्याखाली नाणं ठेवलं.

"काय लागतंय?"

"अक्षरं."

मी नाणं उलटं केलं. "आता?"

"काहीच नाही." त्यांनी अंगठा दोनदा फिरवला. "मऊ आहे."

"मऊ आहे," मी सभेला म्हटलं. "तांबं मऊ नसतं. ते कोणीतरी मऊ केलंय. दगडावर, राखेने, एरंडेलाने, वर्षानुवर्षं. एका पिढीचं हे काम नाही, चार पिढ्यांचं तरी आहे. आणि ह्या चार पिढ्यांनी श्रीच्या बाजूला नख लावलं नाही. ही दुसरी बाजू त्यांनी घासली ती मोडीत घालायला नाही, चमकवायलाही नाही. ती एवढ्यासाठी घासली की ही बाजू जिथे ठेवायची, तिथे ती टोचू नये. असं नाजूक काय असतं, ते मी सांगणार नाही. ते मला सांगायचा अधिकार नाही. पण ह्या मंडपात ते ज्यांना ठाऊक आहे, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील."

आणि मी खाली बसले. पुरुषांनी बायकांकडे पाहिलं. बायकांनी जमिनीकडे पाहिलं. वेळ गेला. पुरुषांतून कोणीतरी पुटपुटलं की म्हणजे ठरलं काहीच नाही, आणि सुभेदारांनी घसा खाकरला. त्या क्षणी माझी खात्री डळमळली, हे कबूल करते. म्हातारी उठली नाही तर मी बोलले असते, परिणाम काहीही होवो.

बयाआजी खांबाला धरून उठल्या.

"हिंदू," त्या म्हणाल्या, "त्यो पैसा आपल्या घराकडं निघाला हुता."

सुभेदारांना काही कळलं नाही.

"म्या बोलावला हुता. पोराची बेंबी वर आलीया, करवंदावानी. रडलं की आनिक फुगती. तू बांधू देत न्हाईस म्हनून अनसाला म्हनलं, गुपचूप आन. शालननं न्हाई, म्या. अनसानं नाव सांगितलं असतं तर तू पोरीला बोलला असतास, म्हनून ती गप ऱ्हायली. चोर म्हनवून घ्येतलं तिनं. आन म्या चार दिस घरात बसून ऐकलं. त्याची लाज वाटती मला."

त्यांचा आवाज आता चढला होता.

"आन तुला सांगते. तुज्या बेंबीवर चार म्हैने ह्योच पैसा हुता. अनसाच्या सासूनं आनून दिल्याला. हितं बसल्यात त्यातल्या निम्म्यांच्या पोटावर ह्योच हुता. आमी बायकांनी कुनाला सांगितलं न्हाई, तुमी कुनी इचारलं न्हाई. आता इश्वास नसंल तर सदरं वर करा आन बघा आपापल्या बेंब्या."

पहिल्यांदा एक म्हातारी हसली, मग दुसरी, मग खांबाआडची सगळी बाजूच हसायला लागली. पुरुषांपैकी दोघातिघांचे हात नकळत सदऱ्याकडे गेले होते ते त्यांनी घाईने मागे घेतले. तलाठी छताकडे बघत होते. सुभेदार तेवढे ताठ उभे होते, मुठीत नाणं, कानाच्या पाळ्या लाल.

मग ते अनसाबाईकडे वळले. "का सांगितलं नाहीस मला?"

"तुमी इचारलंसा, कुठं चाल्लीस," ती म्हणाली. "तुमच्याच घरी, असं तुमालाच कसं सांगू?"

सुभेदारांनी सभेकडे पाहून लष्करात बोलतात तसं तोडून सांगितलं की अनसाबाईवर आळ घेतला तो मी घेतला, चूक माझी, समितीची नाही. देवीची पूजा जिथे होती तिथेच राहील. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. कोणी काही म्हटलं नाही. मग ते पायरीपर्यंत गेले आणि नाणं तिच्यापुढे धरलं.

अनसाबाईने हात पुढे केला नाही.

"मला कशाला? त्ये निघालं हुतं तिकडं जाऊ द्या."

मी घाईने पर्स उघडून ती मऊ पट्टी त्यांच्या हातात दिली. सुभेदार देवळातून निघाले. उघड्या तळहातावर पैसा आणि मनगटावर लुगड्याची पट्टी, असे भर उन्हात गावातून चालले होते, आणि मागे आम्ही सगळ्या. त्यांच्या घराच्या दारात शालन बाळाला घेऊन उभी होती. बातमी आमच्या आधीच पोचली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

सुभेदार तिच्यासमोर थांबले. सासऱ्याने सुनेशी काय बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी पैसा पुढे केला आणि कसंबसं म्हणाले, "आधी उकळा. पाच मिनिटं तरी. मग बांधा."

बयाआजी धापा टाकत मागून आल्या. त्यांनी मुलाच्या हातातला पैसा उलटा केला, श्री वर आणला आणि म्हणाल्या, "तुज्या येळंला बी उकळूनच दिला हुता रं."

सुभेदारांनी मान डोलावली. त्यांना तिथून हलता येईना आणि तिथे उभंही राहवेना. शेवटी ते स्वतःच चुलीवर पाणी ठेवायला आत गेले.

डॉक्टर म्हणतात, बेंबी आपसूकच आत जाते, पैशाने काही होत नाही. असेलही. मी औषधावर बोलत नाही, मी तांब्यावर बोलते. हंड्यातली नाणी मी दुसऱ्या दिवशी यादी करून सरकारजमा केली. त्या यादीत अनसाबाईचं नाणं नव्हतं, कारण ते सरकारचं नव्हतं.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. आयुष्यभर ठोके घालून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे गोष्ट ओरडूनच सांगावी लागली आणि शेजाऱ्यांनीही ती ऐकली. वडील शेवटपर्यंत मन लावून ऐकत होते. मग त्यांनी धंद्याचा प्रश्न विचारला.

"काय ठरवलंस मग? ठळक, का गेलेलं?"

वाटेत एसटीत मी त्याचाच विचार करत आले होते. चारांतला एकही शब्द बसत नव्हता.

"बाबा," मी म्हटलं, "ते अजून चलनात आहे."

त्यांना ऐकू आलं नाही. मला ते पुन्हा एकदा, जोरात सांगावं लागलं.